न सोडलेले गठ्ठे

रंजना: मी उंबऱ्यावरच उभी राहते, मावशी. बसायला आलेली नाही.

धुरपदाबाई: मंग ऊन कसाले घेतं डोक्यावर? आत ये. चहा टाकते.

रंजना: चहा नको. आज मी भांडायला आलेय.

धुरपदाबाई: भांडनबी बठीसन करता येतं, माय.

रंजना: हसू नकोस. अख्खी गल्ली माझ्या मागं लागलीय. साड्यांचा टेम्पो नाक्यावर थांबायच्या आत तू तिथं हजर. साड्यांचे लोंबते धागे कापायचे गठ्ठे मी एका घराला एक देणार, असं ठरलंय ना? आणि तू दोन-दोन उचलून चालू लागतेस. बाकीच्या बायांनी काय हात चोळत बसायचं?

धुरपदाबाई: काय म्हनतात त्या मले?

रंजना: जाऊ दे ना.

धुरपदाबाई: सांग. तोंडावर तं कोनी काहीच बोलत नही. तेवढं तरी ऐकू दे.

रंजना: हावरी म्हणतात. वर्षा तर म्हणाली, अधाशी. लोटूची आई म्हणाली, म्हातारीला एकटीला लागतं तरी किती? लोभाला काही माप असावं की नाही?

धुरपदाबाई: अधाशी माह्या मालकाले म्हनायचे.

रंजना: धुडकूबाबांना?

धुरपदाबाई: हां. पंगतीत बठले का सगळ्यांच्या आधी त्याहिची पत्रावळ साफ. लोक हसायचे. मीबी लय बोलायची, जरा चव तं घ्या म्हने. कारखान्यात कापडाचे चार लूम चालू ठेवून उभ्या-उभ्या जेवायची सवय लागेल व्हती ना. धागा तुटला का डबा खाली. त्याहिले भूक जास्त नव्हती वं, टाइम नव्हता. हे मले समजलं कधी, तं ते गेल्यावर.

रंजना: ते त्यांचं झालं. तुला कसली घाई आहे? तुझा लेक योगराज कमावतोय, तुझी पेन्शन येते. आता सगळं बाहेर काढ. कापून झालेल्या साड्या दे, उरलेल्या मी दुसऱ्यांना वाटते.

धुरपदाबाई: गठ्ठे खाटेखाली ठेवेल शेत. तूच वाकून पाय.

(रंजना आत येते, वाकून खाटेखालचा पडदा सरकवते.)

रंजना: मावशी! हे तर सोडलेलेच नाहीत! सहाच्या सहा! मी बांधलेली गाठसुद्धा तशीच आहे.

धुरपदाबाई: हं.

रंजना: अगं, उद्या माल परत द्यायचाय! तिकडं पर्वत पाटियाच्या दुकानात शेठ माझी वाट बघत बसेल, त्याला मी काय तोंड दाखवू? माझं काम जाईल ना! मी बायांना सांगत फिरतेय, म्हातारी डोळे फोडून करते गं, करू द्या. करायचंच नव्हतं तर उचललेस कशाला?

धुरपदाबाई: मले वाटलं, येतील.

रंजना: कोण येतील?

धुरपदाबाई: बाया. काम पुरलं नही का मागायले येतील. मी म्हनेन, घरी कसाले नेतं, इथंच बठ, पंखा शे. आधी तसंच व्हतं ना? सगळा माल माह्या ओट्यावर उतरायचा. भांडीकुंडी उरकली का सगळ्या जमायच्या. मधी साडी पसरायची आन चहूकडून कात्र्या. रंभाबाई तं सासूची नक्कल करून-करून हसवायची. साडी कधी संपली ते समजायचं नही.

रंजना: आणि तेव्हाच एका भारी साडीला भोक पडलं. एकीनंही कबूल केलं नाही. म्हणून मी ज्याच्या-त्याच्या नावाची चिठ्ठी लावून घरोघरी द्यायला लागले.

धुरपदाबाई: तुह्यं बरोबरच व्हतं. पन एका भोकापायी माहा ओटा रिकामा झाला, रंजना.

रंजना: मग आलं का कोणी मागायला?

धुरपदाबाई: कोनी नही. मले वाटलं, दोन गठ्ठ्यांनी त्याहिले कमी पडलं नसीन. म्हनून दुसरे दिवशी अजून दोन उचलले. मंग अजून दोन.

रंजना: अरे देवा! तोंडानं बोलवायचंस ना, मावशी!

धुरपदाबाई: बोलावलं का म्हनतात, येते हां. योगराजबी इच्छापोरहून फोनवर तेच म्हनतो. येतो हां, माय.

रंजना: थांब. वृषालीला लावते फोन. पाच-सहा जणी इथं बसल्या तर आजच उरकेल. हॅलो, वृषाली? गाठी सोडतेय गं, हात मोकळे नाहीत, स्पीकरवर आहेस.

वृषाली: बोलो ने, रंजनाबेन.

रंजना: सहा गठ्ठे आहेत, अर्जंट. कात्री घे, वर्षाला घे, आणि धुरपदामावशीकडं ये.

वृषाली: ना रे बा! माल इकडं घरी पाठवा, आम्ही करून टाकू. तिच्याकडं नको. एक वार बसलं की ती उठूच देत नाही. चहा झाला की पोहे, पोहे झाले की तिचा नवरा. तो कसा घाईत जेवायचा ते मी दहा वेळा ऐकलंय.

रंजना: वृषाली, अगं...

वृषाली: साचुं कहुं छुं ने, खरं तेच सांगतेय! घरी पाठवा, चालो.

रंजना: तिला माहीत नव्हतं मावशी, तू ऐकतेयस ते.

धुरपदाबाई: खोटं कुठं बोलली ती? सांगितलं असीन दहादा. मले दर वेळी वाटतं, पहिल्यांदाच सांगून राहिली मी.

रंजना: मी बसले असते गं. पण नवागामच्या अजून तीन गल्ल्या बाकी आहेत. आणि आता हे वाटायचेत.

धुरपदाबाई: जा, माय. तुह्यं काम नको बुडवू.

रंजना: उद्यापासून तुला एकच गठ्ठा. नाक्यावर येऊन उभी राहू नकोस, मी घरी आणून देईन.

धुरपदाबाई: तू सोता?

रंजना: हो, मी. ठेवीन आणि जाईन.

धुरपदाबाई: बरं.

रंजना: आता टेम्पोवाल्या गोपालला पाठवते. तो एका फेरीत सहाही उचलून नेईल.

धुरपदाबाई: गोपालले नको पाठवू.

रंजना: मग?

धुरपदाबाई: तूच ने. एकेक करून ने.

रंजना: मावशी, सहा फेऱ्या होतील मला!

धुरपदाबाई: हां. सहा. आता म्हन मले हावरी.