चित्रा, डिस्क झिजेल!

...नाही, पण मला एक सांगा, माणूस वस्तू वापरायला आणतो की पूजेला? तुम्हाला सांगते, आमच्या डोंबिवलीच्या घरात नवीन डिस्क आलीये, पत्त्यांच्या कॅटएवढी, चपटी, आणि तेव्हापासून ह्यांनी... हे म्हणजे आमचे सहदेवराव, दुसरं कोण... मला नुसतं सळो की पळो करून सोडलंय!

मी ब्लाउजवर भरतकाम करते. म्हणजे सुईदोऱ्यानं नाही हो, कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, मशीनला लावायची. कोपरीच्या तुळसाबाईंच्या निशाचं लग्न, तिला पाठीवर मोर हवा, आणि नेमकी आमची जुनी डिस्क कर्र कर्र करायला लागली! म्हणून नणंदेचा ऋतुराज वर्तकनगरहून धावत आला, माझी सगळी नक्षी वाचवली, नवी डिस्क बसवली, वर लिनक्स घातलं.

"मामा, फाइल सिस्टिम कुठली करू?" म्हणजे डिस्कवर फाइली रचायची पद्धत हो. आता 'तुला बरी वाटेल ती कर' म्हणावं ना? छे! हे चष्मा सावरून, "काय काय आहे तुझ्याकडे?" जसे काही शालू बघायला बसलेत! त्यानं तीन-चार नावं सांगितली, ह्यांनी एकेकीचं खानदान विचारलं! शेवटी ईएक्सटी-फोर पसंत पडली. का? तर म्हणे, "जुनी आहे, घरंदाज आहे."

इथवर ठीक होतं हो! पण ते कार्टं बोलून गेलं, "मामा, अशा डिस्कवर लिहून लिहून ती झिजते. एक सेटिंग टाकतो, नाहीतर फाइल नुसती उघडली तरी कधी उघडली ते डिस्क लिहून ठेवते." झालं! ज्या माणसानं लग्नात आलेला काचेचा सेट अजून खोक्यातून काढला नाही, त्याला असलं सांगतात का?

ऋतुराज गेला, मी मोराला चोच काढली, सेव्ह करायला हात नेला, तर मागून, "चित्रा, झिजेल!"

"अहो, मी काय काथ्यानं घासतेय का तिला?"

"तसं नाही गं. आधी अख्खा मोर मनात पक्का कर, मग एकदाच सेव्ह कर!"

मनात! मोर! अहो, आमच्याकडे लाइटचा काय भरवसा? मी शिंक आली तरी सेव्ह करणारी बाई! आणि गेली ना लाइट... अख्खा पिसारा गेला! रडायलाच आलं मला. म्हटलं, बरं, पेन ड्राइव्हवर ठेवते. तर हे म्हणतात, "तोही त्याच जातीचा. झिजेल!"

दुसऱ्या दिवशी तर कहर! सेव्ह करायला जाते तर कॉम्प्युटरच म्हणतो, लिहायची परवानगी नाही! माझ्या घरात, माझ्या मोराला, परवानगी नाही? ह्यांनी ऋतुराजला गोडीगुलाबीनं विचारून डिस्क अशी करून घेतलेली, की नुसती वाचायची, लिहायचं म्हणून नाही! वर मलाच, "बघ, आता कशी निवांत राहील!"

तेवढ्यात तुळसाबाईंचा फोन. "गो चित्राबाय, लगीन परवा हाय, पोर काय झंपराबिगर उभी ऱ्हाईल?" मग मात्र माझं डोकं फिरलं. ऋतुराजला फोन लावला, स्पीकरवर टाकला, म्हटलं, सांग तुझ्या मामाला! तो हसतोय नुसता. "अहो मामा, मामीनं रात्रंदिवस मोर काढले ना, तरी ही डिस्क तुमच्याआधी जात नाही!"

हे उठले, ऋतुराज फोनवर सांगेल तशी डिस्क लिहायला मोकळी करून दिली. मी काय सोडते? एकेका पिसाला सेव्ह! मोर वेळेत कोपरीला पोचला, निशा आरशासमोरून हलेना, तुळसाबाई म्हणाल्या, "गो बाय, जित्ता वाटतो!" एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण ऋतुराजचं ते बोलणं ह्यांनी मनाला लावून घेतलंय. सकाळपासून सोफ्यावर बसून आहेत. मघाशी म्हटलं, अहो, जरा खालून कोथिंबीर आणता का? तर म्हणतात, "नको गं. गुडघ्यांचं आयुष्यही मोजकंच असतं. एका डिस्कच्या आधी जायचं नाहीये मला!"

आणली... मीच आणली.