दहा मोजून झाल्यावर

डच माणसं कशी मोजतात ते मला सुनेने शिकवलं, हॅम्बर्गला, दिवाळीच्या जेवणाआधी. ती मूळची डच. नातीने जमलेली माणसं मोजली आणि आईच्या भाषेत ओरडली, “एल्फ!”

“म्हणजे अकरा, बाबा,” सून म्हणाली. “मूळ अर्थ, दहा मोजून एक उरला.”

“त्यापेक्षा आमचं अकरा बरं. एक आणि दहा, सगळे एकत्र. उरलासुरला कोणी नाही. आणि तुमचं बारा?”

“दोन उरले.”

मुलाने सवयीने बारा ताटं मांडली होती. त्याची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. चूक लक्षात आली तसा तो ताटाला हात लावून नुसताच उभा राहिला.

“उचल रे,” मी म्हटलं. “गेल्या दिवाळीला आम्ही दोघं उरलो होतो. डचांचं मोजणं चोख आहे.”