राखाडी पेस्ट, चंदेरी पेस्ट

(ऑस्ट्रेलियातलं खाणींचं गाव माउंट आयझा, भर दुपार. हेल्वीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दाराला आतून कडी. लाइलच्या हातात हातोडा. दाराशी त्याचा मेहुणा, बायको रोवीनाचा भाऊ ग्लेन.)

लाइल : आणखी एक फोडू, का आता तोंड उघडतेस?

हेल्वी : तीन स्क्रीन फोडलेस, लाइल. चौथाही फोड. पण काय विचारायचंय ते तरी विचार.

लाइल : माझी रोवीना टाउन्सव्हिलला जळीत वॉर्डात पडलीय. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. कॉम्प्युटर पेटला, पडदे पेटले, आणि ही वेडी प्लग ओढायला धावली. आता विचारतो. तिच्या ग्राफिक्स कार्डाला तू कसली पेस्ट फासलीस?

हेल्वी : रोवीना? अरे देवा. मला कुणी बोललंच नाही रे.

लाइल : नाटकं नकोत! पेस्ट कसली?

हेल्वी : राखाडी. साधी. चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा, त्यांच्यामध्ये लावायची. उष्णता ठोकळ्यात चढते, पंखा ती उडवून लावतो. पंधरा वर्षं तीच लावतेय मी. तिच्यातून वीज जात नाही. तिनं आग लागूच शकत नाही.

लाइल : ऐकलंस, ग्लेन? लागूच शकत नाही म्हणे. काढ ते जळकं कार्ड पिशवीतून.

ग्लेन : चल ना आता, लाइल. पोलिसात सांगू आपण. ते बघतील.

लाइल : तूच म्हणालास ना, म्हातारीनं भलताच माल भरला म्हणून? मग टाक टेबलावर! आणि तू उघड, म्हातारे. माझ्या डोळ्यांदेखत.

हेल्वी : हातोडा जरा लांब धर. हं. हे बघ, स्क्रू बसवला की त्यावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवते. मागचे दोन जळालेत, पण पुढचे दोन खरवडलेत. आगीनं नाही, स्क्रूड्रायव्हरनं. माझ्यानंतर हे कुणीतरी उघडलंय.

लाइल : थापा!

हेल्वी : थांब, ठोकळा सुटतोय. हे चकचकीत काय आहे, पाऱ्यासारखं? ही चंदेरी पेस्ट, पातळ धातूच असतो तो. गार करायला तिच्या तोडीची दुसरी नाही. पण तिच्यातून वीज धावते, आणि अ‍ॅल्युमिनियमला वाळवीसारखी खाते. ठोकळ्याला लाव बोट. भुगा होतोय की नाही? उरलेली खाली ओघळली आणि ठिणगी पडली. हा माल मी ठेवतच नाही. खण उपसून बघ हवं तर.

लाइल : मग लावली कुणी?

हेल्वी : ते मला विचारू नकोस.

लाइल : का नको? तुला ठाऊक आहे. तोंडावर दिसतंय तुझ्या.

हेल्वी : महिन्यापूर्वी एक जण आला होता. चंदेरी लावून दे म्हणाला. मी नाही म्हटलं.

लाइल : नाव?

हेल्वी : हातोडा खाली ठेव, मग सांगते.

लाइल : नाव सांग!

हेल्वी : आत्ता सांगितलं तर त्या माणसाचा मुडदा पाडशील तू. तुझ्याकडे बघवत नाहीये.

लाइल : डावा हात टेबलावर. ठेव म्हणतो ना! शेवटचं विचारतो...

हेल्वी : नाही सांगत... आई गं! आई!

ग्लेन : लाइल! अरे, बोटं फुटली तिची!

लाइल : रोवीनाचे दोन्ही गेलेत. हिचा अजून एक शिल्लक आहे. उजवा ठेव, म्हातारे.

हेल्वी : नाही... सांगणार...

लाइल : ठेव उजवा!

ग्लेन : मी! मी लावली! सोड तिला. मीच आलो होतो.

लाइल : काय?

ग्लेन : हिनं नाही म्हटलं, म्हणून मी बाहेरून मागवली. व्हिडिओ बघून लावली. तू खाणीत पाळीवर होतास. मला वाटलं हिला काय कळतंय...

लाइल : दवाखान्यात माझ्या गळ्यात पडून रडलास. म्हणालास, हिनं केलं. आत्ता इथं उभा राहून बघत होतास तू, कुत्र्या!

ग्लेन : नको, लाइल... दात... माझा...

लाइल : सख्खी बहीण तुझी! सख्खी!

हेल्वी : पुरे! पडलाय तो, लाइल! उठत नाहीये!

लाइल : बाजूला हो. डोकंच फोडतो ह्याचं.

हेल्वी : नाही होत. आधी माझं फोड. रोवीना शुद्धीवर आहे ना?

लाइल : मधनं सरक!

हेल्वी : शुद्धीवर आहे का नाही ती?

लाइल : ...आहे.

हेल्वी : मग तिला घास कोण भरवणार? केस कोण विंचरणार? नवरा तुरुंगात, भाऊ मातीत. दोन्ही हात भाजलेल्या बाईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं, सांग ना! हातोडा दे इकडे. दे. अस्सं. आता अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लाव, मला एका हातानं जमायचं नाही. पोलिसांनाही बोलाव. तू काय केलंस ते मी सांगणार आहे, लपवणार नाही.

लाइल : सांग. बोटं... हलतायत का?

हेल्वी : दोन हलतात. तू फोन लाव आधी. ग्लेन, मान कुशीवर कर, रक्त घशात जाईल. थुंक. किती समजावलं होतं रे तुला. गरम होतंय ते चालतंय म्हटलं होतं, राखाडीच राहू दे म्हटलं होतं. का लावलीस?

ग्लेन : कार्ड तापलं की पंखा फार ओरडायचा हो. दिवसभर नकाशे काढायची ती, संध्याकाळी डोकं धरून बसायची. वाढदिवस होता तिचा... म्हटलं, जरा शांत करून देऊ.