व्हॉल्व्हच्या चार पिना

मी, एल्सवर्थ पायस प्रुइट, वय ६९ वर्षे, लॅटिनचा निवृत्त प्राध्यापक, राहणार मिल रोड, ईस्ट कॉर्बिन, व्हरमाँट, शेरीफच्या कचेरीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो, की

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. गेल्या सप्टेंबरपर्यंत पत्नी ॲडलीन हिच्यासह राहत होतो. येथील जुन्या मोटारींच्या मंडळाचे आम्ही दोघेही सभासद. मंडळाची वार्षिक फेरी चर्चच्या पटांगणातून निघून डोंगराच्या उताराने नदीकाठी जाते. यंदाची फेरी ॲडलीनच्या स्मरणार्थ ठेवली होती. त्यासाठी आमची मुलगी कोरिन बॉस्टनहून आली आहे.

हार्लन टटल हा माझा जुना मित्र. मंडळातील बहुतेक गाड्यांचे टायर तोच बसवतो. आमच्या गाड्यांची चाके तारांची असतात. तारा रिमच्या आरपार जात असल्याने त्या छिद्रांतून हवा निसटते. म्हणून टायर नवा असला तरी आत ट्यूब घालावीच लागते. नव्या टायरच्या आतल्या बाजूस कारखान्याची कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. ट्यूब नसेल तर ती निरुपद्रवी. ट्यूब असेल तर चिठ्ठीची कड तिला घासत राहते. म्हणून चिठ्ठी खरवडून, आत पावडर मारून मगच ट्यूब घालावी, असा नियम आहे.

गेल्या वर्षी याच उतारावर आमच्या गाडीची पुढची उजवी ट्यूब फाटली. टायर हार्लनने बसवला होता. गाडी ॲडलीन चालवत होती. मी मागच्या गाडीत होतो. त्यापुढील हकिकत मी याच कचेरीत पूर्वी सांगितली आहे; ती पुन्हा सांगत नाही. फाटलेल्या ट्यूबवर चिठ्ठीच्या आकाराचा गुळगुळीत चौकोन होता आणि फाट त्याच्या कोपऱ्यातून निघाली होती. मी ती हार्लनला दाखवली. "ट्यूबा फाटतात, एल्स," असे म्हणून त्याने ती मला परत दिली.

आज सकाळी चर्चच्या सभागृहात न्याहारी चालू होती. कोरिनने आईचा रुमाल डोक्याला बांधला होता. हार्लन तिला म्हणाला, "आज तू माझ्या शेजारी बसायचं, पोरी. आईच्या फेरीत पहिली गाडी आपली." कोरिन "हो, काका" म्हणाली. पुढे तो म्हणाला, "आणि घाबरू नकोस. चारही टायर नवेकोरे, मागच्या आठवड्यात स्वतः बसवलेत."

मी विचारले, "आतल्या चिठ्ठ्या काढल्यास का?"

हार्लन म्हणाला, "चिठ्ठ्या कशाला काढू? गाडी विकताना टायर नवा असल्याचा पुरावा कोण देणार, तुझं लॅटिन?" टेबलावरचे लोक हसले.

मी कोरिनला त्या गाडीत बसू नकोस असे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, आज नको ना. काकांना वाईट वाटेल. तुम्ही वर्षभर फक्त टायर, टायर करताय."

मी बाहेर आलो. हार्लनची गाडी रांगेत सर्वांत पुढे उभी होती. आमच्या गाडीच्या व्हॉल्व्हची एक पितळी टोपी मी खिशात बाळगतो. तिच्या टोकाला खाच असते. त्या खाचेने, हवा रोखून धरणारी व्हॉल्व्हची पिन फिरवून काढता येते. मी चारही चाकांच्या पिना काढून घेतल्या. हवा जाण्याचा आवाज ऐकून लोक जमले. मी पळून गेलो नाही.

हार्लन धावत आला. "डोकं फिरलंय का तुझं? बायको गेली म्हणून सगळ्यांच्या गाड्या बंद पाडणार आहेस?" असे तो म्हणाला. त्याने माझी कॉलर धरली. कोरिनने त्याचा हात सोडवला, परंतु ती माझ्याकडे पाहत नव्हती.

बंदोबस्तावर असलेले डेप्युटी गॅनन यांनी मला पिना परत करण्यास सांगितले. मी नकार दिला. एक टायर उघडून दाखवावा, चिठ्ठीने ट्यूब घासली नसल्यास मी पिना देईन आणि अटक करून घेईन, असे मी सांगितले. "बघाच मग! आणि नंतर याला बेड्या घाला," असे म्हणून हार्लनने हत्यारे आणली आणि पुढचे उजवे चाक उतरवले.

टायर उघडल्यावर आतून तळहात फिरवून पाहण्याची आमच्यात पद्धत आहे. हार्लनने हात घातला. हात एका जागी थांबला. त्याने ट्यूब बाहेर ओढून उजेडात धरली. टायर आठवडाभरच चालले होते. तरी ट्यूबवर चिठ्ठीच्या आकाराचा चौकोन उमटला होता आणि त्याचा एक कोपरा खरबरीत झाला होता. हार्लनने त्यावरून अंगठा फिरवला. नंतर तो जमिनीवरच बसला. तेथूनच तो कोरिनला म्हणाला, "पोरी, तू आत जा." ती गेली नाही.

फेरी रद्द झाली. पिना जमा करण्यास सांगितल्यावर तीन मी लगेच दिल्या. चौथी देण्यास विलंब झाला, कारण माझी मूठ उघडत नव्हती. ती कोरिनने एकेक बोट सोडवून उघडली.

हार्लनने माझ्याविरुद्ध काही म्हणणे नाही असे सांगितल्याचे मला समजले. माझे त्याच्याविरुद्ध काही म्हणणे आहे काय, असे विचारले असता सांगतो, की त्याचे उत्तर मला आज देता येत नाही. पितळी टोपी पुराव्यासाठी ठेवून घेऊ नये, अशी विनंती आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'मयत' असा शब्द होता. तो काढून तेथे 'ॲडलीन' असे लिहून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.