लांब फळ्यांचं कपाट

हे सांगायला मला उभं कशाला केलंत, पाळकसाहेब? कोपऱ्यात बसलो होतो, चहा निवत होता, तर म्हणे, "वर्लिनसान, उतारवयात परमुलखात येऊन संसार कसा थाटलात, त्याची साक्ष द्या." कसली साक्ष... मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, कॅन्ससच्या माळावर पवनचक्क्या बसवण्यात हयात गेली. बोलणं हे माझ्या बायकोचं, अल्व्हिनाचं खातं. मिशनने तिला बोलावलं शिकवायला, मी सामानाबरोबर आलो. ती बघा तिकडे, मागे कपबश्या मांडतेय आणि मला नीट उभं राहायची खूणसुद्धा करत नाहीये. का करत नाहीये? ते सांगतो शेवटी.

तर तुम्हाला सांगतो, आमचा संसार भांडणावर चाललेला आहे. लग्नाच्या केकपासून भांडतोय. ती म्हणाली जाड कापलास, मी म्हणालो मग तू काप. तेव्हापासून चालूच. इथे आलो, तुमच्या या समुद्रकाठच्या गावात, बर्फ कमरेएवढा, घराला भिंती कागदाच्या, तरी गरम राहिलो ते भांडणावर. मुख्य भांडण लोण्याचं. मी ब्रेडला दुसऱ्यांदा लोणी लावायला गेलो की ती बशी ओढणार. "अरे म्हाताऱ्या, ते लोणी आगगाडीनं येतं, तुझ्या गोठ्यातून नाही." आणि दुसरं भांडण बुटांचं. चटईच्या खोलीत मी बूट घालून पाऊल टाकलं की समोरच्या हात्सुएबाईंच्या कौलावरचा कावळा उडेल असा आवाज.

पहिल्या हिवाळ्यात मला खोकला झाला. मिशनचा नियम असा की एकाला झालं तरी दोघांच्याही छातीचा फोटो काढायचा. गेलो डॉक्टर कुबोदेराकडे. फोटो निघाले. मग डॉक्टरनं आतल्या खोलीत बोलावलं कुणाला? अल्व्हिनाला. आणि दुभाषे म्हणून आपले पाळकसाहेब. मी बाहेर माशांच्या काचेच्या पेटीसमोर. आमच्याकडे, तुम्हाला सांगतो, ज्याचं दुखणं असतं त्यालाच आत बोलावतात. त्यामुळे मी काय समजणार? ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल. पाळकसाहेब जमिनीकडे बघतायत. आणि डॉक्टर मला वाकून म्हणतो, "काही नाही, वर्लिनसान. उबेत राहा."

म्हटलं, संपलं. माझी अल्व्हिना संपली.

घरी आलो. ब्रेड घेतला. दुसऱ्यांदा लोणी लावलं, मुद्दाम जाड लावलं... आणि अल्व्हिना काही बोलली नाही. उलट बशी माझ्याकडे सरकवली. तुम्ही कधी ऐकलीय का अशी शांतता? पवनचक्की मोडायच्या आधी अशीच थांबते. वारा असतो आणि पातं हलत नाही.

मग मीही गोड झालो. काय करणार? बाई चार दिवसांची सोबतीण, तिच्याशी काय भांडायचं. शेगडीत रॉकेल मी भरायला लागलो. "धन्यवाद" म्हणायला लागलो. ती म्हणायची, "तू बस, मी करते." मी म्हणायचो, "नाही, तू बस." दोघंही उभे. एका घरात दोन म्हातारी माणसं आणि दोघंही गोड... असं घर अंगावर येतं हो. खात्री करायला म्हणून एकदा बूट घालून चटईवर गेलो. नुसता गेलो नाही, बर्फासकट गेलो, मधोमध उभा राहिलो. हात्सुएबाई सुरमई घेऊन आल्या होत्या, त्यांनी बघितलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं केलं असतं तर? पण हात्सुएबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. चटई काय, नवी येते." आणि अल्व्हिना काही बोलली नाही. फडकं घेऊन माझ्या पायाशी बसली आणि पुसायला लागली. मला घाम फुटला.

बरं, सगळं गावच बदललं. न्हाव्यानं दाढी करताना गप्पा बंद केल्या. रस्त्यात माणसं वाकायची ती पूर्वीपेक्षा खोल वाकायची आणि वर यायला वेळ लावायची. मला वाटायचं, बिचाऱ्याची बायको चाललीय म्हणून असेल. मग एक दिवस हात्सुएबाई ओनोदेराला घेऊन आल्या. म्हणे, तुमची गादी आखूड पडते, पाय बाहेर राहतात, लांब गादी शिवायचीय, माप द्या. मी म्हटलं घ्या. ओनोदेरा म्हणाला, "जरा आडवे व्हा." झालो आडवा. डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं, मग खांद्यांची रुंदी. मी विचारलं, "गादीला खांदे कशाला?" तो म्हणाला, "नीट बसायला नको का?" आणि अल्व्हिना काही बोलली नाही. स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली.

आता, ओनोदेरा शिंपी आहे का? तुम्ही हसताय. सुतार आहे तो.

गादी काही आली नाही. माझे पाय गारठलेले. गेलो त्याच्या दुकानात विचारायला. आत देवदाराचा ताजा वास, भुसा, आणि मधे ठोकळ्यांवर एक लांबच लांब पेटी. ओनोदेरा रंधा खाली ठेवून एवढा वाकला की केसांत भुसा दिसला. मी म्हटलं, "हे काय?" म्हणे, "झाडू ठेवायचं कपाट." मी म्हटलं, "एवढे लांब झाडू कोण वापरतं?" तर म्हणे, "बर्फ वाढला की लांब फळ्या डोंगरावरून उतरत नाहीत, वर्लिनसान. म्हणून आधीच..." आणि पुन्हा रंधा उचलला.

मी समजलो. अल्व्हिनासाठी. रडत घरी निघालो, या वयात, भर रस्त्यात. आणि पुलावर येऊन थांबलो. अल्व्हिना माझ्या छातीला लागते. स्टुलावर चढल्याशिवाय तिचा साखरेच्या डब्याला हात पोचत नाही. तिला एवढी लांब कशाला?

घरात शिरलो, बुटांसकट. म्हटलं, "अल्व्हिना, ती पेटी कुणाच्या मापाची?" तेव्हा ती बोलली. इथली रीत असते म्हणाली, दुखणं घरच्यांना सांगायचं, दुखणेकऱ्याला नाही, त्याचा धीर सुटतो. डॉक्टरनं वचन घेतलं होतं. फुलं येईपर्यंत टिकेन न टिकेन, असं म्हणाला होता. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक. न्हाव्याला ठाऊक, मासेवालीला ठाऊक, सुताराला तर इंचासकट ठाऊक. ठाऊक नाही ते एकट्याला, ज्याला मरायचं होतं त्याला.

मी म्हटलं, मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. नेलं. तिथल्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला, माझी छाती ठोकली आणि विचारलं, "लहानपणी कुणी लाथ मारली होती?" मारली होती. आमच्या खेचरानं. बरगडी मोडली होती ती वेडीवाकडी सांधली, तिचीच ती फोटोतली सावली. झालं. परतीच्या बसमध्ये बसतोय तोवर अल्व्हिना सुरू. "एवढं लोणी खाल्लंस फुकट, आणि ती चटई, ती चटई कोण भरून देणार?" सगळी बस ऐकत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. इतकं बरं वाटलं नव्हतं कधी.

पेटीचं काय? ओनोदेरा चांगली फळी वाया घालवणारा नाही. उभी केली, आडव्या फळ्या मारल्या, आणि चर्चच्या दाराशी ठेवली. तेच ते चपलांचं कपाट. इतकी वर्षं तुम्ही दर रविवारी त्यातच चपला ठेवून आत येता.

आणि डॉक्टर कुबोदेरा? मी गेलो होतो ना जाब विचारायला. शांतपणे म्हणाला, "वर्लिनसान, मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. मग माफी कशाची मागू?" 

हे जुनं झालं. आता शेवट सांगतो म्हणालो होतो. मागच्या आठवड्यात मला पुन्हा खोकला आला. डॉक्टर घरी आला, माझ्याशी हवापाण्याचं बोलला, आणि स्वयंपाकघरात अल्व्हिनाशी बराच वेळ. आज सकाळी मी दुसऱ्यांदा लोणी लावलं... आणि अल्व्हिना काही बोलली नाही. मग पाळकसाहेब म्हणतात साक्ष द्या, आजच द्या. आणि मघाशी आत येताना बघितलं, तुमच्या सगळ्यांच्या चपला बाहेर जमिनीवर ओळीनं लावलेल्या. कपाट रिकामं. आतल्या आडव्या फळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्यात.

असो. मला कुणी काही सांगितलेलं नाही, मी काही विचारत नाही. फक्त मला मिळायची एक माफी राहिलीय. कुणी दवाखान्याकडे जाणार असेल तर निरोप द्या, म्हणावं जरा घाई करा, डॉक्टर कुबोदेरा.