हाक

लोरेटा: विषय बदलू नका, मिस्टर कोवाच. हा फोटो सत्तेचाळीसचा, हा एकोणसाठचा. दोन्हींवर ‘डेझी’. पहिल्यात डावा कान धड, दुसऱ्यात फाटलेला. आणि सत्तरच्या फोटोत परत धड! फाटलेला कान सांधून येतो होय?

एमिल: तुझी कॉफी निवतेय, पोरी.

लोरेटा: निवू दे. शनिवारी प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी पाटी लागतेय. ‘डेझी, एक्केचाळीस वर्षं या शहराची लाडकी हत्तीण.’ मजकूर माझा आहे. हत्तीखान्यात काम केलेले तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही नाही सांगणार तर कोण?

एमिल: तीन होत्या.

लोरेटा: तीन?

एमिल: पहिली शाळेच्या पोरांनी दारोदार पैसे मागून आणलेली. एका हिवाळ्यात ती न्यूमोनियानं गेली. पोरांना कोण सांगणार? प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी गुपचूप दुसरी आणली, नाव तेच ठेवलं. वसंतात फाटक उघडलं, तर पोरं म्हणतात, डेझी वाळली! आम्ही म्हटलं, आजारी होती बिचारी. तिसरीच्या वेळी तर आम्हाला लाजही वाटली नाही.

लोरेटा: म्हणजे फाटक्या कानाची ती दुसरी. तिच्या मरणाची नोंदच नाही. एकसष्टचा एवढा एक कागद आहे. ‘कीपरवर विनाकारण हल्ला. धोकादायक. सर्कशीला विकली.’ कीपरचं नाव नाही.

एमिल: मी तो. तीन बरगड्या मोडल्या. थंडी पडली की अजून ठणकतात.

लोरेटा: अरे देवा! वाचलात म्हणायचं.

एमिल: माझी कीव नको करूस. हत्तीखान्याचा पहिला नियम काय? आत शिरण्याआधी हाक मारायची. तिला डाव्या डोळ्यानं दिसायचं नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी बायकोशी भांडून आलो होतो, घुश्श्यात. तोंड न उघडता डावीकडून शिरलो आणि तिच्या पायाच्या साखळीला हात घातला. दचकली ती. मला भिंतीशी दाबलं. मी ओरडलो, तसा माझा आवाज ओळखून लगेच मागे सरली. सोंडेनं मला चाचपत राहिली, गं.

लोरेटा: हे साहेबांना सांगितलंत?

एमिल: साहेब इस्पितळात आले. म्हणाले, उगाच अंगावर आली ना? मी मान डोलावली. घरात दोन लहान मुली, नोकरी गेली असती. मी अंथरुणातून उठेपर्यंत तिला नेलीसुद्धा.

लोरेटा: पुन्हा दिसली कधी?

एमिल: एकदा. सर्कस टोलीडोला आली होती. तंबूमागे उभी होती, चारी पायांत साखळ्या. धोकादायक ना! लांबूनच बघितली. हाक मारली असती तर ओळखलं असतं तिनं. म्हणूनच नाही मारली.

लोरेटा: ...मी पाटी बदलते. तिघींची करते.

एमिल: माझं नाव घाल. ‘विनाकारण’ लिहिलंय ना, तिथे कारण म्हणून.

लोरेटा: आणि तिचं? ‘डेझी’ तर पहिलीचं नाव.

एमिल: डेझी लोकांसमोर. आत मी तिला इलोंका म्हणायचो. माझ्या आईचं नाव.

लोरेटा: हाक कशी मारायचात?

एमिल: दाराबाहेरूनच. ‘इलोंका, मीच आहे गं. आत येऊ?’