तिसऱ्या रांगेतला आवाज

अनेस्तिस: मी भांडायला आलेलो नाही, थेकलाबाई. एवढंच सांगायला आलोय, की माझ्या बायकोला यापुढे तिकीट द्यायचं नाही.

थेकला: जरा पाय उचला, मिस्तरी, झाडू फिरू दे. लोक सिनेमा बघायला येतात की भोपळ्याच्या बिया खायला, देव जाणे. रोज सकाळी या खडीत टरफलंच टरफलं. हं, काय म्हणालात? पॉलिक्सेनीला तिकीट द्यायचं नाही. का बरं?

अनेस्तिस: का म्हणजे? शहाणं माणूस एक सिनेमा किती वेळा बघतं? एकदा. फार तर दोनदा, पहिल्या वेळी झोप लागली असेल तर.

थेकला: आणि तुम्ही किती वेळा बघितलात?

अनेस्तिस: मी कशाला बघू? दिवसभर होड्यांच्या फळ्या ठोकून जीव जातो. खुर्चीला पाठ टेकली की माझा डोळा लागतो. ती मात्र पाच आठवडे झाले, ऊन उतरलं की शाल घेते आणि निघते. तोच कॅप्टन, तीच बोट, तीच रडारड. शेवट माहीत असलेली गोष्ट परत परत कशाला बघायची?

थेकला: मला विचारताय? तीस वर्षं झाली हे उघड्यावरचं थिएटर चालवते, अजून मला त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही. चांगले चांगले सिनेमे आणले, तीन दिवसांत गुंडाळून परत पाठवले. हा कॅप्टनचा सिनेमा अथेन्समध्ये आपटला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, बाई, तुम्ही तिकिटाबरोबर काही फुकट वाटता का? म्हटलं, काही नाही हो, लोक आपणहून येतात.

अनेस्तिस: पण का येतात?

थेकला: ज्याचं त्याला ठाऊक. ते गलबतावरचे म्हातारे आहेत ना, पांढऱ्या टोपीचे, ते चौदा वेळा आले. का, तर सिनेमातल्या बोटीचा दोर चुकीचा बांधलाय. दर वेळी येऊन खात्री करून घेतात की अजून चुकीचाच आहे, आणि समाधानानं घरी जातात. शिंपीणबाई येते ती पडद्यावरच्या बाईच्या झग्याच्या बाह्या बघायला. दिसतात चारच क्षण, मग दुसऱ्या दिवशी परत. मागच्या रांगेत एक जोडपं येतं, त्यांनी वीस वेळा येऊन सिनेमा एकदाही बघितलेला नाही.

अनेस्तिस: आणि माझी बायको? ती काय बघायला येते? स्पष्ट सांगा, थेकलाबाई. मी मन घट्ट करून आलोय.

थेकला: अगोबाई. कसला संशय घेऊन आलात?

अनेस्तिस: संशय नाही. डोळ्यांनी दिसतंय. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, तिनं कधी आवाज चढवला नाही. मी काही म्हटलं की 'बरं'. आज मासा नको, 'बरं'. तुझ्या बहिणीकडे पुढच्या वर्षी जाऊ, 'बरं'. आणि आता गेले चार आठवडे तिचा घसाच बसलाय. 'बरं' म्हणाली तरी दार करकरल्यासारखं वाटतं. डॉक्टरकडे नेली. तो तिच्या घशात बघतो आणि माझ्याकडे डोळे वटारतो. म्हणाला, ही बाई रोज दोन तास ओरडतेय, घरातली भांडणं कमी करा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात आम्ही दोघंच, आणि भांडायला दोघं लागतात हो.

थेकला: डॉक्टर असं म्हणाला?

अनेस्तिस: हसू नका.

थेकला: हसत नाहीये. धूळ गेली घशात. मग तुम्ही काय निष्कर्ष काढलात?

अनेस्तिस: निष्कर्ष काय काढायचा? रडून रडून बसलाय घसा. त्या नटासाठी. तुमच्या फाटकावरचं पोस्टर बघितलं मी. रुंद छाती, जाड मिशी. बायका अशांवरच भाळतात.

थेकला: एक मिनिट. म्हणून तुमच्या ओठावर हे जे काही उगवलंय...

अनेस्तिस: तीन आठवडे झाले.

थेकला: मला वाटलं आजारी आहात, दाढी करायला होत नसेल.

अनेस्तिस: म्हटलं, तिला आवडत असेल तर आवडू दे. मिशीला काय पैसे पडतात? ठेवली. तर ज्या दिवशी तिचं लक्ष गेलं, तिनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि तडक सिनेमाला गेली.

थेकला: अरे देवा. मिस्तरी, बसा त्या खुर्चीवर. ती नको, तिचा पाय मोडलाय. ही घ्या. आता ऐका, आणि मध्ये बोलू नका. ती मिशी आजच्या आज काढून टाका. आख्खं वोलोस गाव पाच आठवडे त्या मिशीला शिव्या घालतंय, आणि सुरुवात तुमच्या बायकोनं केलीय.

अनेस्तिस: कुणी?

थेकला: पॉलिक्सेनीनं. तिसऱ्या रांगेतून. पहिल्या रात्री थिएटर अर्धं रिकामं होतं. पडद्यावर कॅप्टन जेवायला बसलेला, बायको बिचारी आत चुलीपाशी. तो मान वर न करता हात पुढे करतो, म्हणजे मीठ दे. ती आतून धावत येते, मीठ देते. व्हायोलिन वाजतंय, बाया रुमाल काढतायत, आणि तिसऱ्या रांगेतून आवाज येतो, 'मीठ तुझ्या कोपरापाशी आहे, आंधळ्या! हात झडलेत का?'

अनेस्तिस: माझी पॉलिक्सेनी असं नाही बोलणार.

थेकला: मलाही वाटलं कुणी मासेवाली असेल. बॅटरी मारली तर तुमची बायको, पर्स मांडीवर धरून, लाजून लाल झालेली. पण तोवर सगळं थिएटर टाळ्या पिटत होतं. दुसऱ्या दिवशी ते लोक शेजारपाजाऱ्यांना घेऊन आले. कॅप्टन ओल्या बुटांनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालतो, त्याच्यावर एक हाणली. मग तो तोंडात घास घालायच्या आधीच म्हणतो की अळणी आहे, त्याच्यावर एक. आता तर त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आत सगळे पाचशे लोक एका सुरात ओरडतात, 'बूट!' आजूबाजूच्या गच्च्यांवरचे फुकटेसुद्धा. पण सुरुवात तिनंच करायची, हा नियम. ती श्वास घेईपर्यंत कुणी तोंड उघडत नाही.

अनेस्तिस: बूट.

थेकला: हो.

अनेस्तिस: म्हणजे न्हावी मला बघितल्यावर सारखं दाराकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, मिस्तरी, बूट पुसून या... आणि खानावळीत. खानावळीत मी बसलो की चार टेबलांवरची माणसं उठून माझ्यापुढे मीठ आणून ठेवतात. मी म्हटलं, गावात आपल्याला मान वाढला.

थेकला: मान नाही म्हणता येणार.

अनेस्तिस: सगळ्या गावाला माहीत आहे?

थेकला: पलीकडच्या बेटांवरून बोटीनं लोक येतात, मिस्तरी. त्यांना तुमचं नाव ठाऊक नाही, पण स्वभाव पाठ आहे. मात्र एक सांगते. शेवटी, सात वर्षांनी कॅप्टन परत येतो, दारात उभा राहतो आणि पहिला शब्द बोलतो, तिथं ती गप्प होते. सगळा सिनेमा दणाणून सोडते आणि तिथं मुकी. लोक वाट बघतात, आज काही म्हणेल. नाही म्हणत. म्हणूनही येतात काही जण.

अनेस्तिस: काय म्हणतो तो?

थेकला: ते तिलाच विचारा.

अनेस्तिस: कुठून विचारू? ती नाहीये.

थेकला: नाहीये म्हणजे?

अनेस्तिस: मंगळवारी मी म्हटलं, आता सिनेमा बघणं बंद. ती म्हणाली, 'बरं'. बुधवारी कामावरून आलो तर घर रिकामं. टेबलावर तीन दिवसांचं जेवण झाकून ठेवलेलं, भरलेल्या मिरच्या, डाळीचं कालवण, पावाला फडकं गुंडाळलेलं. भांडून गेली असती तर म्हटलं असतं, येईल राग उतरला की. जेवण करून गेली, म्हणून मला भीती वाटली. बहिणीकडे जाऊन आलो, चर्चमध्ये जाऊन आलो. म्हटलं, इथं तरी रात्री येत असेल. तिला तिकीट देऊ नका म्हणालो, ते उगाच. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं की ती येते, बरी आहे. सगळ्या मिरच्या तशाच आहेत, थेकलाबाई. एक खाल्ली नाही.

थेकला: दोन रात्री ती तिसऱ्या रांगेत नव्हती, हे खरं. काल तर पंचाईतच झाली. कॅप्टननं मीठ मागितलं आणि पाचशे माणसं चिडीचूप. मध्यंतरात अर्धे उठून गेले. मला म्हणतात, बाई, हा सिनेमा फारच रटाळ आहे. तेव्हा माझंही नुकसान होतंय, हे लक्षात घ्या. मी काही फक्त तुमच्या संसारासाठी बोलत नाहीये.

अनेस्तिस: मग कुठे शोधू तिला?

थेकला: काखेत कळसा आणि गावाला वळसा. पॉलिक्सेनी, ये बाई बाहेर. मिशीचंसुद्धा ऐकलं असशीलच.

(पडद्याच्या पांढऱ्या भिंतीमागून पॉलिक्सेनी येते. हातात बियांच्या कागदी पुड्यांची टोपली.)

पॉलिक्सेनी: बुधवारपासून सिनेमाही ऐकतेय. ह्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

अनेस्तिस: तू इथं आहेस? मी बंदी घातली होती ना?

पॉलिक्सेनी: तुम्ही म्हणालात, सिनेमा बघायचा नाही. मी बघितला नाही. भिंतीमागून काही दिसत नाही.

थेकला: ऐकलंत? माझ्या बिया भाजते, पुड्या बांधते, आणि मी हात जोडले तरी पुढे येऊन बसत नाही. नवऱ्याला शब्द दिलाय म्हणे. आज्ञाधारक बायको असावी तर अशी.

अनेस्तिस: पॉलिक्सेनी, एवढं सगळं मनात होतं तर घरी का नाही बोललीस? लोकांसमोर कशाला?

पॉलिक्सेनी: घरी तुम्ही उत्तर देता.

अनेस्तिस: मग? माणूस उत्तर देणार नाही?

पॉलिक्सेनी: हे बघा, दिलंत. मी एक म्हणते, तुम्ही पाच म्हणता, मग माझं काय होतं तेच मी विसरते. कॅप्टन उलटून बोलत नाही. पहिल्या रात्री ते तोंडातून निसटलं, मला वाटलं छत कोसळेल.

थेकला: इथं छत नाहीये.

पॉलिक्सेनी: ते खरं. आकाश होतं तिथंच राहिलं. मग म्हटलं, उद्या परत बघू.

अनेस्तिस: बरं.

पॉलिक्सेनी: काय?

अनेस्तिस: बरं, म्हटलं. मी इथं बसलोय. ओरड. उत्तर देणार नाही. थेकलाबाई साक्षीला आहेत.

थेकला: मी आत जाते.

पॉलिक्सेनी: नको, तू थांब गं. उजेडात मला जमत नाही.

अनेस्तिस: शेवटी तू गप्प का होतेस? तेवढं सांग. तो काय म्हणतो दारात?

पॉलिक्सेनी: सात वर्षांनी येतो. टोपी काढतो. ती तिथंच उभी असते. आणि तो म्हणतो, 'जेवायला काय आहे?'

अनेस्तिस: एवढंच? हे तर मी रोज...

थेकला: मिस्तरी. उत्तर द्यायचं नाही ठरलंय.

पॉलिक्सेनी: हो, तुम्ही रोज म्हणता. रोजचं सोडा, रोज मी वाढते. पण मी हॉस्पिटलातून आले तो दिवस आठवतो? तेरा वर्षं झाली. पाळणा तुम्हीच केला होता, ऑलिव्हच्या लाकडाचा. मी रिकाम्या हातांनी जिना चढून आले. तुम्ही दार उघडलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, 'जेवायला काय आहे?' मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला. बाकीचं मी ओरडू शकते. मीठ, बूट, अळणी, सगळं. तिथं मला ओरडताच येत नाही. मला वाटतं, आज तरी तो दुसरं काही म्हणेल. म्हणून येते मी. वेडेपणा आहे, मला कळतं. फिल्म काय बदलणार आहे?

थेकला: बस खाली, बाई. टोपली दे इकडे.

पॉलिक्सेनी: झालं माझं. आता द्या उत्तर. द्या ना. असे गप्प बसलात की भीती वाटते.

अनेस्तिस: पाळणा मी सकाळीच फोडला होता. तू यायच्या आत. तुला दिसू नये म्हणून. फळ्या बंदरात नेऊन टाकल्या. मग दिवसभर दारामागे बसून ठरवत होतो, ही आली की काय विचारायचं. दुखतंय का विचारायचं, की रडलीस का विचारायचं. तू आलीस आणि ठरवलेलं सगळं गेलं. तोंडात रोजचं तेवढंच होतं, ते आलं. मला लाज वाटते, पॉलिक्सेनी. तेव्हापासून वाटते.

पॉलिक्सेनी: आणि हे तेरा वर्षं पोटात ठेवलंत?

अनेस्तिस: तू विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, तू विसरलीस.

पॉलिक्सेनी: बत्तीस वेळा बसले त्या कॅप्टनसमोर. एवढं तो एकदाही बोलला नाही.